तणनाशकाने फिकटलेली हिरवळ आणि लोहाची फवारणी

तणनाशकाच्या फवारणीनंतर मक्याची पाने आठवडाभर फिकट दिसली, तरी पुढे कणीस चांगले भरले की शेतकरी ती गोष्ट विसरून जातो. क्रीडांगणावरील, उद्यानातील किंवा विक्रीसाठी वाढविलेल्या हिरवळीला ही सवलत नाही. तिचा रंग हेच तिचे उत्पादन असते. त्यातच हिरवळ आणि तिच्यातील उपद्रवी तण ही दोन्ही बहुधा गवतवर्गीय असल्याने, एकाला मारून दुसऱ्याला राखणाऱ्या तणनाशकाचा सुरक्षित पल्ला अरुंद राहतो. अशा वेळी तणनाशकासोबत लोह देऊन इजा कमी करता येते का, हा प्रश्न अमेरिकेतील हिरवळ-संशोधकांनी बराच काळ अभ्यासला आहे.

बिस्पायरिबॅक-सोडियम आपल्याकडे भाताच्या खाचरातून परिचित आहे. अमेरिकेत तेच औषध गोल्फ मैदानांवरील बेंटग्रासमध्ये उगवणाऱ्या ‘पोआ ॲनुआ’ या तणासाठी वापरले गेले. हे औषध ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही अमिनो आम्ले तयार करणाऱ्या विकराचे कार्य रोखते. बेंटग्रास औषधाचे विघटन तणापेक्षा लवकर करते, म्हणून ते वाचते. मात्र थंड हवेत त्याचा चयापचय मंदावतो आणि गवत पिवळसर पडते. म्हणजे औषध तेच आणि मात्राही तीच असली, तरी तापमानानुसार परिणाम बदलतो. अशा हिरवळीवर चिलेटेड लोहाची जोड दिली असता पिवळेपणा कमी झाला आणि तणनियंत्रणात घट आली नाही, असे तेथील प्रयोगांत आढळले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण त्यातील गवत आपली हरळीच आहे. शेतात जिच्यामागे कुदळ घेऊन लागावे लागते, तीच मैदानावर जतन केली जाते! हरळीच्या हिरवळीत नाचणीच्याच प्रजातीतील ‘एल्युसिन इंडिका’ हे चिवट तण माजते. त्यावर टोप्रामेझोन प्रभावी आहे. भारतात हे औषध मक्यातील तणांसाठी वापरले जाते. त्याच्या क्रियेमुळे पानातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये बनत नाहीत. ही रंगद्रव्ये हरितद्रव्याला प्रखर उन्हापासून जपतात. ती नाहीशी झाली की हरितद्रव्य उन्हात नष्ट होते आणि पान पांढरे पडते. हरळी यातून सहसा सावरते, परंतु तोवर मैदान चुना शिंपडल्यासारखे दिसते. अलाबामा राज्यातील चाचण्यांत टोप्रामेझोनसोबत चिलेटेड लोह दिल्यावर ही इजा कमी झाली.

येथे एक भेद विस्तार कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावा. लोह हा हरितद्रव्याच्या रेणूचा घटक नाही. मात्र ते घडविणाऱ्या क्रियांना आणि प्रकाशसंश्लेषणातील प्रथिनांना लोह लागते. त्यामुळे पानावर पडलेले लोह एक-दोन दिवसांत गडद रंग आणते. तणनाशकाने अडविलेली जीवरासायनिक वाट त्याने मोकळी होतेच असे नाही. म्हणून बऱ्याच प्रसंगी लोह इजा बरी करण्यापेक्षा ती झाकते, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. रंग परतला म्हणून मुळांची वाढही पूर्ववत झाली, असा निष्कर्ष काढू नये. मुळे प्रत्यक्ष उकरून पाहावीत.

ग्लायफोसेटच्या बाबतीत तर हा उपाय उलटतो. ग्लायफोसेट लोहाशी बांधले जाते आणि त्याची परिणामकारकता घटते. इजा कमी दिसते, पण तणही जगते. यास्तव कोणत्याही मिश्रणाबाबत ‘गवत वाचले का?’ याच्याबरोबर ‘तण मेले का?’ हेही विचारलेच पाहिजे.

स्वस्त पर्याय म्हणजे फेरस सल्फेट, अर्थात हिराकस. त्यात सुमारे १९ टक्के, तर ईडीटीए चिलेटमध्ये सुमारे १२ टक्के लोह असते. चुनखडीयुक्त, उच्च सामूच्या जमिनीत टाकलेले हिराकस लवकरच पिकाला न मिळणाऱ्या रूपात जाते, म्हणून पानांवरील फवारणीच योग्य. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून साधारण १०० चौरस मीटरवर सायंकाळी फवारावे. भर उन्हात किंवा जादा तीव्रतेने फवारल्यास पाने करपतात, काळवंडतात. फरशी व सिमेंटवर पडलेले थेंब लगेच धुवावेत, अन्यथा तांबूस डाग कायमचे राहतात. वाढ जोमात असेल तर वारंवारच्या कापणीबरोबर रंगही निघून जातो.

ही मात्रा केवळ लोहाच्या फवारणीची आहे. ते तणनाशकाच्या टाकीत मिसळण्यापूर्वी तणनाशकाचे लेबल वाचावे. हिरवळीसाठी शिफारस नसलेले औषध लोहाच्या भरवशावर वापरू नये. लेबल अनुकूल असल्यास प्रथम चार लहान पट्टे आखावेत: एक विनाफवारणीचा, एक केवळ तणनाशकाचा, एक केवळ लोहाचा आणि एक दोन्हींचा. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी रंगाची नोंद घ्यावी, आणि शेवटच्या दोन वेळी प्रत्येक पट्ट्यातील जिवंत तणे मोजावीत.