शहरी एफएम रेडिओ: संगीत फॉरमॅटची स्पर्धा आणि श्रोतामापन

प्रस्तावना

मोठ्या शहरात एफएम लावून एकेक वाहिनी बदलत गेले, तर दोन-तीन ठिकाणी एकाच चित्रपटातील गाणी ऐकू येतात. बाजारात विक्रेते वाढले की ग्राहकाची निवड वाढते, असे आपण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकतो. मग आठ-दहा खासगी वाहिन्या असलेल्या शहरात इतका सारखेपणा का? या पाठात आपण याचे उत्तर तीन गोष्टींत शोधणार आहोत: श्रोते कसे मोजले जातात, वाहिनीचा खर्च कसा ठरतो आणि एका मालकाकडे किती वाहिन्या असू शकतात.

१. बाजारपेठ आणि फॉरमॅट

रेडिओची बाजारपेठ नकाशावरील सीमेने ठरत नाही, प्रक्षेपकाच्या टप्प्याने ठरते. मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात आणि चंदीगड केंद्रशासित. पण ध्वनिलहरी वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरींना हे तिन्ही एकच. म्हणून बिग एफएम ९२.७, माय एफएम ९४.३ आणि मिरची ९८.३ या चंदीगडच्या वाहिन्या मोहालीच्या श्रोत्यासाठीही एकमेकींशी स्पर्धा करतात. हिंदी किती आणि पंजाबी किती वाजवायचे, हा तिथला फॉरमॅटचा मुख्य प्रश्न असतो.

फॉरमॅट म्हणजे वाहिनीने ठरवलेला कायमचा साचा: कोणत्या भाषेची आणि काळाची गाणी, एक गाणे दिवसातून किती वेळा, निवेदकाचे बोलणे किती. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानुसार आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रसारित करण्याची तेवढी मुभा आहे. त्यामुळे वेगळेपण दाखवायला संगीत आणि निवेदक एवढीच साधने उरतात.

२. श्रोते कसे मोजतात?

वाहिनी श्रोत्याला गाणी फुकट ऐकवते आणि त्याचे लक्ष जाहिरातदाराला विकते. हे लक्ष मोजण्यासाठी तीन संकल्पना महत्त्वाच्या आहेत.

*पोहोच:* आठवड्यातून निदान एकदा वाहिनी ऐकणाऱ्या व्यक्तींची संख्या.
*श्रवणवेळ:* अशा एका श्रोत्याने सरासरी किती वेळ ऐकले.
*वाटा:* शहरातील एकूण रेडिओ श्रवणापैकी त्या वाहिनीला मिळालेली टक्केवारी.

समजा, 'क' वाहिनीची पोहोच २० लाख आणि सरासरी श्रवणवेळ आठवड्याला ३ तास आहे; एकूण ६० लाख तास. 'ख' वाहिनीची पोहोच १० लाखच, पण श्रवणवेळ ७ तास. एकूण ७० लाख तास. पोहोचीत 'क' पहिली, वाट्यात 'ख' पहिली. एकाच शहरातील दोन वाहिन्या 'आम्हीच नंबर वन' असे म्हणतात तेव्हा दोघीही खरे बोलत असू शकतात. अशा दाव्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: कोणत्या मापात?

भारतात टॅम मीडिया रिसर्चने २००७ मध्ये रेडिओ ऑडियन्स मेजरमेंट, म्हणजेच 'रॅम', ही पद्धत मुंबई, दिल्ली आणि बंगळूरुमध्ये सुरू केली. पुढे कोलकाता त्यात आले. निवडलेल्या व्यक्तींनी आपण केव्हा कोणती वाहिनी ऐकली हे डायरीत नोंदवायचे, अशी ही पद्धत. चंदीगड, पुणे, नागपूर यांसारखी शहरे तिच्या बाहेर राहिली. तेथे जाहिरातदाराला भारतीय वाचक सर्वेक्षणासारख्या पाहण्या, वाहिन्यांनी स्वतः करवून घेतलेली सर्वेक्षणे आणि जाहिरातीनंतर दुकानात किती गिऱ्हाईक आले हा अनुभव, यांवर विसंबावे लागे.

नमुन्याचा आकारही लक्षात घ्यायला हवा. समजा ५०० जणांच्या यादृच्छिक नमुन्यात १५ टक्के लोकांनी 'काल ही वाहिनी ऐकली' असे सांगितले. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने ९५ टक्के विश्वासपातळीवर या आकड्यातील त्रुटी सुमारे ३ टक्के बिंदूंची येते. म्हणजे खरा आकडा १२ ते १८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एका आठवड्यात १५ वरून १६ वर गेलेली वाहिनी खरोखर पुढे गेली, असे म्हणता येत नाही. तरीही जाहिरातीचे दर ठरवताना असे छोटे फरक पुढे केले जातात.

३. स्पर्धा सारखेपणाकडे का जाते?

अमेरिकी अर्थतज्ज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्ये रेडिओच्या स्पर्धेचे एक प्रारूप मांडले. त्याचा गाभा आपण काल्पनिक आकड्यांनी समजून घेऊ.

एका शहरात १०० श्रोते आहेत. ७० जणांना नवी हिंदी चित्रपटगीते हवीत, २० जणांना जुनी हिंदी, १० जणांना मराठी गाणी. प्रत्येक जण फक्त आपल्या आवडीची वाहिनी ऐकतो आणि एकाच फॉरमॅटच्या वाहिन्यांत श्रोते समान वाटले जातात.

पहिली वाहिनी नवी गाणी घेते: ७० श्रोते. दुसरीही तेच घेते, कारण निम्मा वाटा म्हणजे ३५, हा २० पेक्षा मोठा आहे. तिसरीलाही नव्या गाण्यांत २३ च्या वर मिळतात. चौथी आली तर तिथे १७.५ च मिळतील, म्हणून ती जुन्या गाण्यांकडे वळते. पाचवी, सहावी आणि सातवी पुन्हा नव्या गाण्यांत शिरतात. मराठी गाण्यांचे १० श्रोते घेणे आठव्या वाहिनीला प्रथमच इतर पर्यायांइतके परवडते. सात वाहिन्या सुरू होऊनही त्या दहा जणांसाठी एकही नाही.

आता सर्व फ्रिक्वेन्सी एकाच मालकाकडे आहेत असे समजा. दुसऱ्या वाहिनीवरही नवी गाणी लावून तो स्वतःचेच श्रोते पळवील. म्हणून त्याची दुसरी वाहिनी जुन्या गाण्यांची आणि तिसरी मराठी असेल. तीन वाहिन्यांत सर्व १०० श्रोत्यांची सोय होते.

प्रारूप अर्थातच सोपे केलेले आहे. प्रत्यक्षात श्रोत्याला दुसरी पसंती असते, आणि थोड्या पण खर्चिक श्रोत्यांसाठी जाहिरातदार जास्त दर देतो. तरी दिशा त्यातून स्पष्ट दिसते.

४. मुंबईचा अनुभव

पहिल्या टप्प्यात, २००० च्या सुमारास, परवान्याचे वार्षिक शुल्क ठरीव होते आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते. मुंबईसाठी ते ९.७५ कोटी रुपये होते. उत्पन्न काहीही असो, शुल्क तेवढेच. अशा वेळी लहान श्रोतृवर्गाचा फॉरमॅट चालवणे धोक्याचे ठरते. मिड-डे समूहाच्या गो ९२.५ ने इंग्रजी संगीतावर भर दिला होता. पुढे तिचे नाव रेडिओ वन झाले आणि ती हिंदी चित्रपटगीतांकडे वळली. नंतर मात्र तीच रेडिओ वन मुंबईत आणि दिल्लीत पुन्हा इंग्रजी फॉरमॅटवर आली.

दरम्यान खर्चाची रचना बदलली होती. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात प्रवेशशुल्क एकदाच आणि त्यानंतर ढोबळ महसुलाच्या ४ टक्के (किमान मर्यादेसह) अशी पद्धत आली. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने ध्वनिमुद्रणांचे स्वामित्वशुल्क निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले. त्याआधी ते गाणी वाजवण्याच्या तासांवर आकारले जाई. खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात आला की लहान फॉरमॅटचा धोका कमी होतो.

तिसरा बदल मालकीचा. दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी मिळे. तिसऱ्या टप्प्यात, शहरात किमान तीन वेगळे चालक असतील या अटीवर, ४० टक्क्यांपर्यंत वाहिन्या घेता येऊ लागल्या. २०१५ च्या लिलावानंतर काय झाले ते पाहा: फीव्हर १०४ चालवणाऱ्या एचटी मीडियाने मुंबईत दुसरी वाहिनी मिळवली आणि तिच्यावर जुन्या हिंदी गाण्यांची रेडिओ नशा ९१.९ सुरू केली. स्टायनर यांच्या प्रारूपातील मालकानेही हेच केले असते.

मात्र मराठीचा प्रश्न यातून आपोआप सुटत नाही. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी श्रोत्यांच्या वाट्यावर जगत नाही, म्हणून ती मराठी कार्यक्रम सातत्याने देऊ शकली. पण तिचे प्रक्षेपण मध्यम लहरींवर, आणि मोबाइलमधील रेडिओ केवळ एफएम पकडतो. कार्यक्रम आहे, पण तरुण श्रोत्याच्या मोबाइलमधील रेडिओवर तो पोहोचत नाही.

५. माप बदलले की बाजार बदलतो

डायरीत माणूस आठवेल ते लिहितो. नाव ठसलेली वाहिनी जास्त नोंदली जाते. अमेरिकेत आर्बिट्रॉन कंपनीने २००७ मध्ये फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टन येथे अंगावर बाळगायचे मीटर व्यवहारात आणले. हे मीटर प्रसारणात मिसळलेला सांकेतिक ध्वनी ओळखते. लोक डायरीत लिहीत त्याहून जास्त वाहिन्या, पण प्रत्येक वाहिनी कमी वेळ ऐकतात, असे त्यातून दिसले. निष्ठावान, दीर्घकाळ ऐकणाऱ्या श्रोत्यांवर उभ्या असलेल्या वाहिन्यांचा वाटा घसरला. कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक श्रोत्यांना नमुन्यात पुरेसे स्थान नाही, अशी तक्रार घेऊन न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे महाधिवक्ते २००८ मध्ये न्यायालयात गेले. नमुन्यात नसलेला श्रोता जाहिरातदाराला दिसत नाही. आणि जो दिसत नाही, त्याच्यासाठी गाणे लावण्यात कोणालाही फायदा नसतो.

सारांश

वाहिन्यांची संख्या वाढवल्याने फॉरमॅटची विविधता तितक्याच वेगाने वाढत नाही. ती खर्चाची रचना, मालकीचे नियम आणि मापनाची पद्धत यांवर अवलंबून असते. एका मालकाला अधिक वाहिन्या दिल्यास गाण्यांची विविधता वाढू शकते, पण निर्णय घेणारे हात कमी होतात. धोरण ठरवताना या दोन्हींचा तोल सांभाळावा लागतो.

सरावासाठी प्रश्न

१. विभाग ३ मधील उदाहरणात श्रोत्यांची विभागणी ५०, ३० आणि २० अशी घ्या. तिसरा फॉरमॅट कितव्या वाहिनीला परवडेल?
२. पोहोच आणि वाटा यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. आपल्या शहरातील तीन वाहिन्या एकाच तासात ऐका, वाजलेल्या गाण्यांची यादी करा आणि त्यांच्या फॉरमॅटमधील साम्य-भेद लिहा.