एका गाळ्यात चार पेढ्या आणि एकाचा चढा आवाज

जागेची भाडी वाढत गेली तसा एक गाळा दोघा-तिघांनी मिळून घेण्याचा रिवाज आपल्या व्यापारात रुळला. भिवंडी आणि मालेगावात सुताचे दलाल, कापडाचे व्यापारी व कमिशन एजंट एकाच गाळ्यात टेबलाला टेबल लावून बसतात. मुंबईत मस्जिद बंदरच्या गल्ल्यांतून एका दारावर तीन-तीन पेढ्यांच्या पाट्या दिसतात. भाडे, वीज, चहा-पाणी आणि हिशेबनिसाचा पगार वाटून घेतला की प्रत्येकाचा खर्च खाली येतो. परंतु शांतता मात्र अशी वाटून घेता येत नाही. चौघांपैकी एकाचा आवाज चढा असला तर त्याचा त्रास चौघांनाही भोगावा लागतो.

असा एक तरी इसम बहुतेक सामाईक गाळ्यांत असतोच. तो फोनवर बोलू लागला की शेजारच्या टेबलावरील गिऱ्हाईक बोलायचे थांबते. स्पीकर चालू करून तो सर्वांना दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकवतो. काम नसेल तेव्हा दुसऱ्याच्या टेबलावर येऊन बसतो. माणूस दिलाने वाईट नसतो, वेळेला उसनेही देतो. म्हणूनच त्याला कोणी काही बोलत नाही. सगळे सहन करतात आणि मग एके दिवशी कुणाच्या तरी तोंडून नको तो शब्द जातो.

नुकसान कोठे होते?

हा स्वभावाचा प्रश्न आहे, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. आमच्या मते हा सरळ नफा-तोट्याचा प्रश्न आहे.

पहिले नुकसान भाव फुटण्याचे. शेतमालाच्या जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. तिच्यात शेतकऱ्याची फसवणूक होई, म्हणून बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला, हे योग्यच झाले. परंतु लिलाव वेगळा आणि पेढीवरचा सौदा वेगळा. कोणत्या गिऱ्हाईकाला किती उधारी आणि काय दर, ही ज्याची त्याची अमानत आहे. मोठ्याने बोलणारा स्वतःचा भाव शेजाऱ्याच्या गिऱ्हाईकाच्या कानी घालतो आणि पुष्कळदा शेजाऱ्याचाही.

दुसरे नुकसान आकडा चुकण्याचे. गोंगाटात ‘सात’ आणि ‘साठ’ किंवा ‘सत्तावन्न’ आणि ‘सत्त्याण्णव’ यांची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. मोठी चूक लगेच लक्षात येते, बारीक चूक बिलावर उतरते. दहा हजार मीटरच्या सौद्यात मीटरमागे २५ पैशांची चूक झाली तर २,५०० रुपये गेले. भाड्यात वाचवलेले पैसे असे बाहेर जातात.

तिसरे नुकसान कारागिराच्या कामाचे. जरीच्या कारखान्यात एका अड्ड्याभोवती चार-पाच जण मान खाली घालून बसलेले असतात. तेथे एकाने मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावले किंवा दिवसभर तोंड चालू ठेवले तर दुसऱ्याची मण्यांची मोजणी चुकते. चुकलेले काम उसवून पुन्हा करायचे म्हणजे मजुरी एकदाच आणि मेहनत दोनदा.

आवाज चढतो का?

इलाज करण्यापूर्वी कारण पाहिले पाहिजे. मोठा आवाज म्हणजे उद्धटपणाच, असे नव्हे.

एतिएन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ साली एक गोष्ट दाखवून दिली. भोवतालचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज वाढवतो. म्हणजे गाळ्यात खडखडणारा पंखा, बाहेर हातगाडीवाल्यांचा आरडाओरडा आणि कोपऱ्यात चालू ठेवलेला टीव्ही असेल, तर पहिला मोठ्याने बोलतो, त्याच्यामुळे दुसरा आणि दुसऱ्यामुळे तिसरा. अर्ध्या तासात सगळा गाळा ओरडत असतो आणि दोष मात्र ज्याचा गळा सर्वांत मोठा त्याला मिळतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. समोरासमोरचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो. म्हणून थोडासा आवाज कमी झाला तरी शेजाऱ्याला पुष्कळ आराम पडतो.

मोबाइलची रेंज कमी असली की समोरच्याचा आवाज बारीक येतो आणि आपण ओरडू लागतो. ओरडल्याने रेंज वाढत नाही. दाराजवळ किंवा गॅलरीत जाऊन बोलणे हाच त्यावर उपाय आहे.

कान तपासून घ्या

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आपल्या समाजातील अनेक व्यापारी हे मुळातले कारागीर आहेत. पंधरा-वीस वर्षे साच्यांवर काढली, चार पैसे जमले आणि मग पेढीवर बसले. धोट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज साधारणतः ९० डेसिबलच्या वरच असतो. तेथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते. ती सवय पेढीवरही सुटत नाही. आणि पुष्कळदा ती नुसती सवय नसते, कान गेलेला असतो.

ही काही नवी गोष्ट नाही. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात व्हेनिसच्या तांबटांची नोंद केली आहे. रोज तांबे ठोकून ठोकून त्यांना बहिरेपणा येतो, असे त्यांना दिसले. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश होता.

हा बहिरेपणा फसवा असतो. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क, फ ही अक्षरे नीट कळत नाहीत, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून असा माणूस म्हणतो, “ऐकू येते हो, पण तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता.” त्याला स्वतःचा आवाजही पुरेसा वाटत नाही, म्हणून तो चढवतो. टीव्ही मोठा लावणे, बोलणाऱ्याकडे एक कान वळवणे, दर वाक्याला “काय?” विचारणे, कानात शिट्टीसारखा आवाज येणे ही त्याची लक्षणे आहेत.

सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री नावाची तपासणी होते. तिच्यात काही दुखत-खुपत नाही. कधी कानातला मळ काढल्यानेच भागते. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, परंतु श्रवणयंत्राने पुष्कळ काम होते. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, मग श्रवणयंत्राची लाज का वाटावी? जे आजही साच्यावर, पत्र्याच्या कामावर किंवा भांड्यांच्या कारखान्यात आहेत, त्यांनी फोमचे इअरप्लग अवश्य वापरावेत. कापसाचा बोळा त्यासाठी पुरेसा नाही.

सांगायचे कसे?

हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेल्या उपदेशात आवाज खाली ठेवण्याची ताकीद आहे, हे सूरह लुकमान वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु ती आयत दुसऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. जो शेजाऱ्याला आवाज कमी करायला सांगणार आहे, त्याने आधी स्वतःचा आवाज खाली आणावा.

चारचौघांत, कारागिरांसमोर किंवा गिऱ्हाईकासमोर बोलू नये. तेथे माणसाला आपली इज्जत सांभाळायची असते, तो ऐकणार नाही. जोहरच्या नमाजनंतर चहाला दोघेच बसलात की विषय काढावा. “तुम्ही फार ओरडता” असे म्हणू नये. काय घडले ते सांगावे आणि एकच गोष्ट मागावी. वयाने मोठे असतील तर असे म्हणता येईल: “हाजीसाहेब, काल तुम्ही फोनवर उधारीचे बोलत होता, ते माझ्या गिऱ्हाईकाने सगळे ऐकले. तुमचेच नुकसान आहे. भावाचे बोलणे असेल तेव्हा गॅलरीत जाऊन बोलत चला ना.” बरोबरीचा असेल तर: “भाई, बिल करताना माझा आकडा चुकतो. अकरा ते बारा मला एवढी शांतता दे.” व्यापारी माणसाला स्वतःचे नुकसान लवकर समजते.

जो कामाच्या वेळी गप्पा मारायला येऊन बसतो, त्याला वेळ द्यावी, परंतु आपल्या सोयीची. “हे पान पुरे करतो, चारला चहा घेऊ” असे म्हणून पुन्हा वहीत मान घालावी. आणि चारला खरोखर चहा घ्यावा. नुसती टाळाटाळ केली तर त्याला कळते आणि वाईट वाटते.

आवाज वेगळा आणि अपमान वेगळा, हे मात्र विसरू नये. जो रागाने ओरडतो, कारागिरांना शिव्या देतो, त्याचे प्रकरण कानाचे नाही. तेथे त्याच दिवशी, शांत परंतु स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे की या गाळ्यात ही भाषा चालणार नाही. असे तीनदा झाले तर सर्व भागीदारांनी किंवा दोघांना मान्य अशा एखाद्या बुजुर्गाने मिळून बसावे.

औषध घरातच आहे

पत्र्याचे छप्पर, लोखंडी शटर, काच आणि फरशी यांवर आवाज आपटून परत येतो. जाड आणि मऊ वस्तू तो शोषून घेतात. कापडाच्या व्यापाऱ्याकडे तर हे औषध भरपूर आहे. ताग्यांची मांडणी भिंतीला लावून ठेवण्यापेक्षा दोन टेबलांच्या मध्ये घ्यावी. खाली जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीला जाड पडदा लावावा. थर्माकोलचे पत्रे लावून पैसे घालवू नयेत, आवाज शोषण्याच्या कामी ते फारसे उपयोगी नाहीत. मोठ्याने बोलणाऱ्याचे तोंड भिंतीकडे न करता पडद्याकडे होईल असे टेबल फिरवावे. खडखडणारा पंखा दुरुस्त करावा. तोंडी ठरलेला प्रत्येक आकडा लगेच लिहून किंवा मोबाइलवर संदेश पाठवून समोरच्याकडून पक्का करून घ्यावा. एवढ्याने निम्मी तक्रार मिटते.

नियम लिहून ठेवा

पोलिसात जाऊ, असे काही जण चिडून म्हणतात. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु ती परिसराच्या आवाजाची आहे, शेजारच्या टेबलावरील माणसाच्या गळ्याची नाही. येथे उपयोगी पडतो तो आपसातला लेखी करार.

गाळा घेतानाच भाड्याच्या वाटणीबरोबर चार ओळी लिहाव्यात: फोनचा स्पीकर लावायचा नाही, भावाचे बोलणे बाहेर, हिशेबाची अमुक वेळ शांत, वेगळे व्हायचे असल्यास अमुक महिन्यांची आगाऊ सूचना. हे नियम सर्वांना सारखे असावेत, एकाच माणसासाठी केलेला नियम हा अपमान ठरतो.

एकाच पेढीत भागीदार असाल तर १९३२ चा भागीदारी कायदा माहीत असणे अगत्याचे आहे. पेढीच्या रोजच्या साध्या बाबींवरील मतभेद बहुमताने सोडवता येतात (कलम १२), मात्र निर्णयापूर्वी प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. बहुमत आहे म्हणून त्रासदायक भागीदाराला काढून टाकता येत नाही. तसा अधिकार करारात दिलेला असेल आणि तो सद्हेतूने वापरला असेल तरच ते चालते (कलम ३३). मुदत न ठरवलेली, मर्जीची भागीदारी कोणताही भागीदार लेखी नोटीस देऊन संपवू शकतो (कलम ४३). कलम ४४ खाली न्यायालयात जाण्याचा मार्ग आहे, परंतु तो लांबचा आणि खर्चाचा. भागीदारीचा करारनामा करताना वकिलाला या कलमांविषयी अवश्य विचारावे.

वेगळे व्हायची वेळ आली तर

कान तपासला, टेबल फिरवले, एकांतात सांगितले, नियम लिहिले आणि तरीही फरक पडला नाही, तर वेगळे होण्यात कमीपणा नाही. कोपऱ्यातली लहान, महाग जागा परवडते, रोजची कटुता परवडत नाही. मात्र भांडून बाहेर पडू नये. भाड्याची अनामत, सामाईक फर्निचर, वीजबिल आणि एकमेकांची उधारी यांचा हिशेब लिहून, दोघांच्या सह्या घेऊन मगच चावी द्यावी. बाजार लहान असतो. आज सोडलेला शेजारी उद्या सुताची गाठ घेऊन आपल्याच दारात येतो.

परंतु तेथपर्यंत जाण्यापूर्वी एक काम करावे. आपल्या गाळ्यातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाने पूर्वी किती वर्षे साच्यावर काढली, हे एकदा त्याला विचारावे. दहा-पंधरा वर्षे असे उत्तर आले, तर भांडणाचा विचार सोडून त्याच्याबरोबर रुग्णालयात जावे.