कर्बाचे चार हात

माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो. हा कर्ब म्हणजे काय, ते आज आपण बघू.

कर्ब म्हणजे कार्बन. लोखंडी पळीत चिमूटभर साखर तापवत राहा. आधी ती वितळते, मग तांबूस होते, शेवटी काळी पडते. तो काळा भाग मुख्यतः कर्ब. करपलेल्या भाकरीत आणि चुलीतल्या कोळशात काळं दिसतं तेही तेच.

कर्बाच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत असं समजा. हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन. चार हात असल्यानं कर्ब शेजारच्या कर्बाचा हात धरतो, तरी दुसऱ्यांना धरायला हात उरतात. मग कधी दिंडीसारखी लांब रांग होते, तशी ती तेलात असते. कधी आपण फेर धरतो तसं कडं होतं. ग्लुकोज या साखरेच्या कड्यात ऑक्सिजनही हात देतो. ग्लुकोजच्या एका रेणूत कर्बाचे अणू ६.

आता ज्वारीचं ताट बघा. दाण्यातला स्टार्च ग्लुकोजचा बनतो आणि कडब्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. फरक फक्त एक ग्लुकोज दुसऱ्याला कसं जोडलंय, याचा. दाण्यातली गाठ आपल्या पोटात सुटते, कडब्यातली सुटत नाही. गाईच्या पोटातले सूक्ष्म जीव ती सोडवतात, म्हणून कडबा खाऊन गाय दूध देते.

मातीतले जीवाणू आणि बुरशीही हेच काम करतात. उसाचं पाचट कुजताना काही कर्ब हवेत जातो, पण काही मातीत राहतो. तो ओल धरून ठेवतो, माती भुसभुशीत करतो. पाचट पेटवलं की बहुतेक कर्बाचे चारही हात हवेतले दोन ऑक्सिजन धरतात. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि शेताबाहेर निघून जातो. मागे राखेत कर्ब फारसा उरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातला तो कागद काढा. रकान्यात ०.४ टक्क्यांहून कमी आकडा असेल, तर तुमच्या मातीत कर्ब कमी आहे. पुढच्या बैठकीत सगळ्याजणींचे आकडे एका वहीत लिहा. आणि यंदा ऊस तुटला की काडी ओढायच्या आधीच घरात विषय काढा : पाचट सरीतच कुजू द्यायचं.