आकाशातली चिंबोरी

आमच्या मच्छीमार नगरापासून जवळच, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ दुर्बिणीची काही उपकरणं तिथे घडली. तिची निरीक्षणं ‘इस्रो’ने २०१८ पासून सर्वांना खुली केली. संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, तारा शोधायचा, फाइल उतरवून घ्यायची. पैसे नाहीत!

माझ्या अभ्यासवर्गातल्या मुलींनी खेकडा तेजोमेघ निवडला. त्यांच्या भाषेत चिंबोरी! फाइलीत चित्र नाही, नुसते आकडे. पोरी हिरमुसल्या. मी म्हटलं, मासळी घरी आली म्हणजे कालवण झालं का? आधी ती साफ करावी लागते. इथेही तसंच. त्यासाठीचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं.

दहावीनंतर मुलीचं गणित सोडवताना एवढं आठवा: आकाशाचं दार तिच्यासाठीही उघडं आहे.