गाठीपर्यंत किती औषध पोहोचते?

डॉक्सोरुबिसिनचे लाल इंजेक्शन केमो घेतलेल्या अनेकांना आठवत असेल. स्तनाच्या कर्करोगावर ते चांगले चालते. पण हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते. म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचे याची मर्यादा असते आणि आधी इको काढावा लागतो.

यावर उपाय निघाला मेदाच्या सूक्ष्म पिशवीचा. सुमारे १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये हेच औषध भरतात. निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून ही पिशवी सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या वाहिन्या मात्र घाईने वाढलेल्या, गळक्या. तिथे ती झिरपून साचते. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे मांडले. १९९५ मध्ये अमेरिकेत असे पहिले औषध मंजूर झाले.

हृदय बरेच वाचते, हे खरे. पण ‘थेट गाठीवर मारा’ ही भाषा मला पटत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील एका आढाव्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी साधारण ०.७ टक्केच गाठीत पोहोचल्याचे दिसले! उरलेल्यांपैकी बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात. शिवाय तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. त्या दिवसांत गरम पाण्यात भांडी घासू नका, घट्ट चपला घालू नका.

महागडे ‘नॅनो’ औषध परवडले नाही म्हणून आपण कमी पडलो, असे नातेवाइकांना वाटते. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात दोन्ही औषधांचा आजारावरचा परिणाम जवळपास सारखाच आढळला आहे. फरक मुख्यतः हृदयाचा. तेव्हा दागिने मोडण्याआधी डॉक्टरांना विचारा: आमच्या रुग्णाच्या हृदयाला खरेच धोका आहे का?