वारली चित्र विकत घेताना

चाकणच्या एका कारखान्याच्या स्वागतकक्षातील वारली चित्र पाहून सहकाऱ्याने ‘असे चित्र घ्यावे तर कसे पारखावे?’ असे विचारले, म्हणून हा मजकूर. पारखण्याआधी या कलेतील एका चित्रकाराची ओळख हवी.

बालपणीच्या मातृवियोगाने ज्यांची वाचाच काही वर्षे लोपली, आणि धुळीत रेषा ओढूनच जे मनोगत व्यक्त करीत, त्या जिव्या सोमा म्हसे यांनी, लग्नप्रसंगी भिंतीवर लग्नचौक लिहिण्याचा मान जिथे सुवासिनींचा त्या वारली समाजात, पुरुष असूनही नित्य चित्रे काढण्याचा प्रघात पाडला. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे गुण हेरले, आणि २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र मला सर्वांत प्रिय. सहस्रावधी सूक्ष्म रेषांनी विणलेले ते जाळे अक्षरशः हलते आहे असा भास होतो.

म्हसे २०१८ मध्ये निवर्तले. परंतु त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू यांनीही ही परंपरा चालविली.

खरेदीपूर्वी भिंगातून रेषा पाहावी: हाताची रेषा कमीजास्त जाड असते, छापील चित्रात ठिपक्यांची जाळी दिसते. चित्रकाराची स्वाक्षरी आणि रीतसर पावती अवश्य घ्यावी. शेणाने सारवलेला कागद वा कापड ओल आणि कडक ऊन यांपासून दूर ठेवावे. चौकटीची काच चित्राला टेकू देऊ नये.

आपल्याकडे एखादे चित्र असल्यास, वा काही शंका असल्यास, निःसंकोच विचारावे.