रिकाम्या जागेवर येणारा

सप्टेंबर २०१०मध्ये ड्रमवादक माइक पोर्टनॉय ‘ड्रीम थिएटर’मधून बाहेर पडला. १९८५ साली बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात ज्या तिघांनी हा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड उभा केला, त्यांतला तो एक. काही काळ थांबू या, असं त्याचं म्हणणं होतं; बाकीच्यांना थांबायचं नव्हतं. पुढे त्यानं परतायची तयारी दाखवली, तोवर दार लागलं होतं. दारूच्या व्यसनातून सुटण्याच्या स्वानुभवावर त्यानं लिहिलेली पाच गाण्यांची मालिका बँडच्या पाच अल्बममधून पसरलेली होती. लिहिणाराच गेल्यावर ती गाणी कुणाची? चाहत्यांचं दुखणं इथं होतं.

हे दुखणं आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलं आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची रयाच गेली. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आले तेव्हा कुठे ती सावरली. १९११च्या ‘मानापमान’नं तर कळस गाठला. आणि १९१३च्या जुलैमध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघेही एकदम बाहेर पडले; गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ‘मानापमान’ची नायिका भामिनी साकारणारे बालगंधर्व गेले, आणि नाटकाच्या चाली बांधणारे टेंबेही गेले. एखाद्या संस्थेवर याहून मोठा घाव कोणता?

प्रेक्षक मात्र पाटीपेक्षा गळ्याला बांधलेला होता. तो बालगंधर्वांमागे गेला. ‘मानापमान’ही एका कंपनीत अडकून पडलं नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त प्रयोगात गंधर्व मंडळीची भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांचा नायक धैर्यधर समोरासमोर उभे राहिले. कोणता गळा सरस, यावर रसिक भांडले, पण दोन्ही ऐकायला मिळाले.

जागा भरण्याची वेगळी रीतही आहे. आमच्या कळमनुरीहून संत नामदेवांचं नर्सी नामदेव दूर नाही. वारकरी परंपरेतल्या अखंड वीणेच्या सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि नाम चालूच राहतं. नव्या विणेकऱ्याची जुन्याशी तुलना करत कुणी बसत नाही. रंगभूमीवर आणि रॉकमध्ये ही तुलना होतेच, आणि तिचा सगळा भार नव्या माणसावर पडतो.

बालगंधर्वांनंतरच्या किर्लोस्कर मंडळीत असा भार घ्यायला गोव्याच्या मंगेशीचा एक पोरसवदा मुलगा आला: दीनानाथ मंगेशकर. त्यानं बालगंधर्वांची नक्कल केली नाही. चपळ, आक्रमक, पंजाबी वळणाची स्वतःची गायकी तो घेऊन आला. १९१८ साली तोही बाहेर पडला, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढायला. त्याच्या धैर्यधराचे चाहते वेगळे तयार झाले.

‘ड्रीम थिएटर’नं पोर्टनॉयच्या जागी सात वादकांची चाचणी घेऊन माइक मॅन्जिनीला निवडलं. बर्कलीतली अध्यापकाची नोकरी सोडून तो आला. त्याच्या काळात पाच अल्बम झाले, आणि २०२२ साली बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं, ते ‘द एलियन’ या गाण्यासाठी, त्याच्याच वादनासह. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परतला. जुन्या चाहत्यांना झालेला आनंद मी समजू शकतो. पोर्टनॉयच्या वादनावर माझंही प्रेम आहे. पण बारा वर्षं ती जागा सांभाळणाऱ्याच्या वाट्याला आलेले आभार मला फार अपुरे वाटले.